बी झडेपर्यंत

गेल्या महिन्यात सांगलीत हळदीच्या पेठेतून घरी येत होतो. काष्ठौषधींच्या एका दुकानाबाहेर किराइताच्या, तापावरच्या कडू रोपाच्या, पेंड्या रचून ठेवल्या होत्या. आश्विन नुकताच लागला होता. मी एक पेंडी उचलून शेंड्याकडे पाहिलं. शेंड्याला फुलं होती, पांढरट, कडेला निळसर झाक असलेली, सुकली तरी ओळखू येणारी. बोंड एकही नव्हतं. दुकानदार म्हणाला, ताजा माल आहे, घाटावरून आलाय, फुलांसकट आहे बघा. कुठल्या घाटावरून, ते त्याला ठाऊक नव्हतं. मी पेंड्या मोजल्या. बेचाळीस भरल्या. एक पेंडी उलगडून रोपं मोजली, साठाच्या आसपास होती. गुणाकार डोक्यात झाला. मी दुकानाच्या पायरीवर बसलो. दुकानदाराने पाणी आणून दिलं. त्याला वाटलं, मला ऊन लागलं.

मला येसूनाना आठवले होते.

दुसऱ्या लढाईच्या वर्षांत मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावी, लोकल बोर्डाच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. गावाचं नाव मी लिहीत नाही. साताऱ्याच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी ते आहे, एवढं पुरे. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो. बरोबर पत्नी आणि चार वर्षांची मुलगी सुशी. दवाखान्यात आम्ही तिघं. डॉक्टरसाहेब, मी, आणि शिपाई येसूनाना. झाडणं, पाणी भरणं, बाटल्या धुणं आणि पेशंटांना ओळीने बसवणं ही नानांची कामं. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटक, डोक्याला पटका आणि अंगात पहिल्या लढाईतला खाकी कोट. त्याची पाचापैकी दोन बटणं उरली होती.

येसूनाना भित्रे होते. दुसरा सौम्य शब्द शोधून उपयोग नाही, सगळं गाव तेच म्हणे. ते भिंतीच्या कडेने चालत. दाराकडे पाठ करून कधी बसत नसत. मोटारीचा भोंगा वाजला की हातातली बाटली आधी खाली ठेवत आणि मग दचकत. हे मी अनेकदा पाहिलं आहे. दचकायचं ते सुद्धा काही न फोडता. कुणी नवीन माणूस गावात आला की नाना मला हळूच विचारत, "सायेब, ह्यो काय इचारत हुता?" तो वेळ विचारत होता असं सांगितलं तरी त्यांचं समाधान होत नसे. डोंगरावरून उतरताना ते कधी गेल्या वाटेने परत येत नसत. डोक्यावरची पाटी ओल्या फडक्याने झाकलेली असे. आत काय आहे विचारलं तर "काय न्हाई, पालापाचोळा" हे ठरलेलं उत्तर.

गावातले लोक त्यांची चेष्टा करत. ओळीत बसलेला एखादा पेशंट तापाने फणफणत असला तरी म्हणे, "नाना, मागं बगा." नाना मागे बघत. रोज बघत. मी एकदा म्हटलं, नाना, रोज फसता कसे? ते म्हणाले, "एकांद्या दिशी खरंच कोन आसलं तर?"

त्या काळात साताऱ्याकडे सगळेच कशाला ना कशाला भीत होते. पोलीस कधी येतील आणि कुणाला नेतील ते सांगता येत नव्हतं. पण नानांची भीती त्या दिवसांची नव्हती. ती जुनी होती, आणि तिला कारण होतं हे मला पुढे कळलं.

नानांना पहिल्या लढाईत पदक मिळालं होतं. एका लहानशा लाकडी डबीत, कापसावर ठेवलेलं. भित्र्या माणसाला पदक, याचं गावाला फार हसू येई. मी त्यांना एकदा त्याबद्दल विचारलं. ते बाटल्या धूत होते. धुता धुता म्हणाले, "बसऱ्याकडं गोळीबार झाला तवा बाकीची पळाली. मला पळायला लय भ्या वाटलं. उगड्यावरनं कसं पळायचं? म्हनून जखमी गड्यांच्या मधी पडून ऱ्हायलो. त्यास्नी पानी देत ऱ्हायलो. दोन दिसांनी सायेब आला, त्येला वाटलं मी शूर हाय." मग बाटली उजेडात धरून ती स्वच्छ झाली का बघितलं आणि म्हणाले, "मी सांगत हुतो त्येला. त्येनं ऐकलं न्हाई."

या दुसऱ्या लढाईत जावाकडची बेटं शत्रूच्या ताब्यात गेली आणि तिकडून क्विनाइन यायचं जवळजवळ थांबलं. आमच्या भागात पावसाळा सरताना हिवताप घरोघर. पूर्वी मी क्विनाइनचं मिश्रण मोठ्या बाटल्यांतून करत असे. आता गोळ्या मोजून द्याव्या लागत. डॉक्टरसाहेबांनी ठरवलं, लहान मुलं आणि गरोदर बाया यांनाच क्विनाइन. मग बाकीच्यांना काय, हा प्रश्न राहिला. नाना दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी पाटी घेऊन आले, फडकं बाजूला केलं, आणि दाराकडे बघत म्हणाले, "ह्ये द्या."

ते किराईत होतं. वीतभर ते हातभर उंचीचं रोप, चव अशी कडू की जीभ अर्धा दिवस दुसरं काही ओळखत नाही. रात्री पाण्यात भिजत घालायचं, सकाळी गाळून प्यायचं. डॉक्टरसाहेब आधी हसले, मग त्यांनी दोन आठवडे बघितलं. त्यांचं मत मी नीट लक्षात ठेवलं आहे, कारण त्यात त्यांनी भर घातली नाही की काही वगळलं नाही. ते म्हणाले, हिवतापाचं मूळ याने जात नाही; पण ताप उतरतो, भूक लागते, माणूस उठून कामाला लागतो. नसण्यापेक्षा हे फार आहे. त्या दिवसापासून दवाखान्यात किराइताचा रांजण सुरू झाला.

आणण्याचं काम नानांचं. आमच्या गावामागे वर सपाट कातळाचा सडा आहे. तिथे पातळ माती, गवत, आणि त्या गवतात किराईत. एका रविवारी मी नानांबरोबर गेलो. त्यांना ते आवडलं नाही, पण मी साहेब पडलो. त्यांची काढण्याची रीत मी तिथे पहिल्यांदा पाहिली. कार्तिक लागेपर्यंत ते किराइताला हात लावत नसत. रोप वाळून बोंडं तडकली की मग. सात पावलं चालायची, पायाशी असेल ते एक रोप धरायचं, शेंडा जमिनीकडे वाकवायचा, बोटाने तीनदा टिचकी मारायची. बी धुळीसारखं बारीक पडे. नाना म्हणत, "जावा आता घरला." मग रोप उपटायचं. मग पुन्हा सात पावलं. मधल्या पावलांत कितीही चांगलं रोप दिसलं तरी त्याला शिवायचं नाही.

मी विचारलं, सातच का? त्यांना माहीत नव्हतं. आजीची रीत. पण बी का झाडायचं ते त्यांना पक्कं माहीत होतं. "ह्येला जुनं मूळ न्हाई. दरसाल बी पडंल तवा उगवतं. एक साल बी पडलं न्हाई, की संपलं."

माझ्या टेबलावर पितळी काटा होता. नानांनी आणलेलं मी तोलून रजिस्टरात लिहीत असे. मी काटा काढला की नाना बाहेर जात. बरेच दिवस मला तो योगायोग वाटला. नंतर मुद्दाम पाहिलं: काटा काढला की बाहेर, ठेवला की आत.

रिकाम्या बाटलीची गोष्ट त्याच हिवाळ्यातली. एका दुपारी पेशंट नव्हते. नाना माझ्यापाशी आले आणि म्हणाले, डॉक्टरांच्या बुकात 'रगतधरी' म्हणून काही आहे का बघा. मी पाहिलं, नव्हतं. साताऱ्याला गेलो तेव्हा एका जुन्या वैद्यांना विचारलं, त्यांनीही ऐकलं नव्हतं. नानांना तसं सांगितलं तेव्हा ते जमिनीवर बसले आणि मग बोलले. त्यांची धाकटी बहीण सहा वर्षांची असताना तिला रक्ताची हगवण लागली. आजीने वडिलांना सड्यावर पिटाळलं, रगतधरी घेऊन ये म्हणून. नानाही मागोमाग गेले. वर जाऊन बघतात तो जागोजाग खड्डे. खालच्या बाजूची कुणी माणसं येऊन कंद खणून घेऊन गेली होती, एकूण एक. वडील संध्याकाळपर्यंत हातांनी माती उकरत होते. बहीण दुसऱ्या दिवशी गेली. आजी आणखी नऊ वर्षं जगली. दर पावसाळ्यात वर जाऊन बघे. ते झाड पुन्हा दिसलं नाही.

"पान कसं हुतं त्ये मला आटवत न्हाई," नाना म्हणाले. "मी बगितलं आसनार. पर तवा नीट बगितलं न्हाई. हाय ते हाय, आसं वाटायचं."

ते औषध खरंच लागू पडलं असतं का, हे मला सांगता येणार नाही. आता ते कुणालाच सांगता येणार नाही. नानांनी माझ्याकडे एक चिठ्ठी मागितली, बाटलीवर लावतो तशी. मी ठळक अक्षरात 'रगतधरी' लिहून दिलं. त्यांनी ती एका धुतलेल्या रिकाम्या बाटलीवर डकवली आणि बाटली वरच्या फळीवर ठेवली. त्यांना वाचता येत नव्हतं. पण रोज सकाळी झाडलोट झाली की ते मान वर करून त्या अक्षरांकडे बघत. कधी कधी बोट हवेत फिरवून त्यांची वळणं गिरवत.

आता माझ्याविषयी लिहावं लागेल, कारण पुढे जे झालं ते माझ्यामुळे झालं.

मला मोजायची सवय आहे. पायऱ्या, खांब, पेंड्या, समोर येईल ते मी मोजतो. दुसऱ्या वर्षी भाद्रपदाच्या शेवटी सड्यावर किराईत कळीला आलं होतं. मला वाटलं, हे एकूण किती आहे ते कुणाला तरी माहीत हवं. मी दोरी आणि खुंट्या घेऊन गेलो. दहा हात लांब, दहा हात रुंद असे वीस चौकोन वेगवेगळ्या जागी आखले आणि प्रत्येकातली रोपं मोजली. वीस चौकोनांत एकशे नव्वद. किराइताचा पट्टा तीनशे हात बाय चारशे हात, म्हणजे असे बाराशे चौकोन. अकरा हजार चारशे रोपं. नाना लांब उभे राहून बघत होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मोजू नगा, सायेब," ते म्हणाले. "आकडा झाला, की मानसाला न्यायचं सुचतं."

मी हसलो. मला वाटलं, अडाणी माणसाची समजूत. दृष्ट लागेल वगैरे. त्यांना दृष्टीबद्दल बोलायचंच नव्हतं हे मला समजलं नाही.

त्याच सुमारास सांगलीहून माझ्या मेव्हण्यांचं पत्र आलं. दत्तोपंत एका अडत दुकानात दिवाणजी होते. त्यांच्या घरी हिवताप होता, किराईत मिळेल का म्हणून विचारलं होतं. मी गेल्या सालच्या साठ्यातली एक जुडी पाठवली, आणि बरोबर चार पानी पत्र लिहिलं. त्यात चौकोनांचा हिशेब होता, एकूण आकडा होता, आणि गावाच्या वेशीपासून सडा किती पावलांवर, वाट कुठे वळते, तेही होतं. कुणी मागितलं नव्हतं. पण अर्धवट माहिती लिहिणं माझ्या स्वभावात नाही. ते पत्र फार नेटकं झालं होतं. मी ते दोनदा वाचून पाकिटात घातलं.

आश्विनात, किराईत भर फुलात असताना, दोन बैलगाड्या आणि पंधरा-सोळा माणसं आली. दवाखाना वेशीजवळच होता. मी दारात उभा होतो. पुढे एक मुकादम होता, हातात कागद. त्याने गावात कुणाला वाट विचारली नाही. वेशीपाशी उभा राहिला, कागदाकडे पाहिलं, आणि चालू लागला. त्याचे ओठ हलत होते. तो पावलं मोजत होता.

त्या क्षणाची भीती मला अजून जशीच्या तशी आठवते.  मी दवाखान्यात आलो, काटा पुसला, ठेवला, पुन्हा पुसला. बाहेर गेलो नाही.

नाना गेले. आधी घरी गेले, पदक कोटाला लावलं आणि सड्याच्या वाटेवर जाऊन उभे राहिले. हे मला गावकऱ्यांनी सांगितलं. त्यांनी मुकादमाला हात जोडून एवढंच मागितलं की बी झडेपर्यंत थांबा, मग सगळं न्या, मी स्वतः काढून देतो. मुकादम काही दुष्ट माणूस नव्हता. तो म्हणाला, "आजोबा, मी थांबीन. पर माज्या मागनं येनारा थांबंल का?" नानांनी जोडलेले हात सोडले. ते बाजूला झाले.

तीन दिवसांत सडा मोकळा झाला. फुलांसकट, मुळांसकट. नंतर दत्तोपंतांचं पत्र आलं. त्यांनी माझं पत्र दुकानात कौतुकाने वाचून दाखवलं होतं. शेठजींना तुमचा हिशेब फार आवडला, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. माझ्याही नव्हतं. ते पत्र मी चुलीत घातलं, आणि त्या दिवसापासून मला नानांची भीती वाटू लागली.

ते मला काही म्हणत नव्हते. झाडत, पाणी भरत, बाटल्या धूत. कधी मधेच थांबून म्हणत, "कुनी सांगितलं आसंल हो?" मी म्हणे, कोण जाणे. रांजण रिकामा झाला. लोक तांबे घेऊन येत आणि मी नाही म्हणून सांगे. रजिस्टरात मी त्यांचीही नोंद ठेवली, 'दिले नाही' असा नवा रकाना आखून. एखादी म्हातारी विचारी, पुढच्या साली तरी मिळंल का? तेव्हा नाना झाडणी टाकून मागच्या दाराने बाहेर जात.

पुढच्याच आठवड्यात सुशीला ताप भरला. थंडी, मग ताप, मग घाम, आणि एक दिवसाआड पुन्हा तेच. त्याच वेळी क्विनाइन संपलं होतं. डॉक्टरसाहेबांनी साताऱ्याला माणूस पाठवला, पण तिथेही वाट बघावी लागत होती. चौथ्या पाळीला ताप एकशे पाचावर गेला आणि सुशीने आईला ओळखलं नाही. पत्नी माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, काहीतरी करा." एवढंच. मी घरातून निघालो तो थेट दवाखान्यात, नानांकडे.

सड्याच्या टोकाला कडा आहे. कड्यात तीन माणसांच्या उंचीइतकी खाली एक कपार आहे, आणि तिच्यात मातीची पट्टी. मोजणीच्या दिवशी मी पालथं पडून खाली पाहिलं होतं: किराइताची अकरा रोपं. माझ्या पत्रात ती नव्हती, कारण ती माझ्या चौकोनांत बसत नव्हती. माणसांच्या हाताला ती लागली नव्हती. मी नानांना म्हटलं, ती काढू.

त्यांनी हातातली झाडणी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "तेवडंच बी उरलंय, सायेब. पंदरा दिसांत झडंल."

मी म्हटलं, "पंधरा दिवस ती राहील की नाही मला माहीत नाही."

नानांनी फळीवरच्या बाटलीकडे पाहिलं.  मला वाटलं, ते नाही म्हणणार. त्यांना सहा वर्षांची एक मुलगी आठवत असणार, आणि पुढच्या सालचा रिकामा रांजणही दिसत असणार. ते उठले आणि विहिरीचा नाडा काढून खांद्यावर टाकला.

कड्याच्या दहा पावलं आत एक अंजनीचं झाड आहे. त्या दहा पावलांच्या पुढे नाना जन्मात गेले नव्हते. नाड्याचं एक टोक अंजनीला बांधलं, दुसरं त्यांच्या कमरेला, आणि मधला भाग मी धरायचा असं ठरलं. मी जायला तयार होतो, पण माझं वजन त्यांना पेललं नसतं. ते पालथे पडून कड्याकडे सरकू लागले. तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "नाना, थांबा. तो कागद मी लिहिला होता."

त्यांनी मान वळवली नाही. गवतात तोंड तसंच ठेवून म्हणाले, "ठावं हाय. मुकादमाच्या हातात बगितला. तुमचं अक्षर मी रोज बगतो की बाटलीवर."

"मग बोलला का नाहीत?"

"गावानं तुमास्नी ऱ्हाऊ दिलं नसतं. पोरगी ल्हान हाय तुमची." मग कमरेची गाठ चाचपून म्हणाले, "आता नाडा सोडू नगा म्हंजे झालं." आणि ते कड्यावरून दिसेनासे झाले.

मी आकडे म्हणू लागलो. दुसरं काही सुचलं नाही. नाडा हातांना कापत होता आणि मी एक, दोन, तीन म्हणत होतो. खालून एकदा दगड गेल्याचा आवाज आला. तो तळाला पोचल्याचा आवाज आलाच नाही. मी चारशे साठपर्यंत गेलो होतो तेव्हा नाड्याला दोन हिसके बसले. वर आल्यावर नाना कितीतरी वेळ दोन्ही मुठींत गवत धरून पालथे पडून राहिले. मग त्यांनी कोटाच्या आतून पटक्याची गाठ काढून मला दिली. आत अकरा फांद्या होत्या.

"एकाचाबी जीव घेतला न्हाई," ते म्हणाले. "हरेकाचा एक हात आनलाय."

त्या अकरा फांद्या मी तीन दिवस पुरवल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साताऱ्याहून क्विनाइन आलं आणि डॉक्टरसाहेबांनी तेही सुरू केलं. पाचव्या दिवशी सुशीने भात मागितला. कशाने बरं वाटलं ते मी सांगू शकत नाही. मी दोन्ही लिहून ठेवलं आहे, वेळेसह.

कार्तिकात एका सकाळी विहिरीचा नाडा जागेवर नव्हता. दुपारी होता. त्या दिवशी नानांनी पाणी भरलं नाही आणि हात कोटाच्या खिशातून काढले नाहीत. मी त्यांना बसवून हात पाहिले. दोन्ही तळव्यांची सालटी निघाली होती. नाडा धरायला कुणी नसताना ते एकटे उतरले होते. मी पट्टी बांधली. पट्टी बांधताना खिशातून पदक खाली पडलं, नुसतंच, कापडात सुद्धा गुंडाळलेलं नव्हतं. डबी कुठे गेली असेल ते मी ओळखलं. डबी बी ठेवायला लागली होती.

पुढची दोन वर्षं मी सड्यावर गेलो नाही. धीर झाला नाही. नाना जातात हे दिसे. ज्येष्ठात जात आणि आश्विनात जात, आणि येताना पाटी रिकामी. किराइताचा रांजण त्यांनी उपडा करून ठेवला होता. लढाई संपली, क्विनाइन पुन्हा मिळू लागलं, मग हिवतापाच्या नव्या गोळ्या आल्या. डॉक्टरसाहेब म्हणाले, येसू, आता तुझ्या पाल्याची गरज नाही. नाना म्हणाले, "गोळ्याबी एकदा बंद झाल्या हुत्या, सायेब."

माझी बदली सांगलीकडे झाली. निघायच्या आदल्या दिवशी आश्विनातली सकाळ होती. नाना दवाखान्यात नव्हते. निरोप घेतल्याशिवाय जाणं बरं दिसेना, म्हणून मी वर गेलो.

सड्याच्या मधोमध ते उकिडवे बसले होते. माझ्या पावलांचा आवाज झाला तसे ते एकदम पुढे पडले आणि खांद्यावरचं घोंगडं दोन्ही हातांनी पसरून जमिनीवर धरलं. तोंड वर केलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जी भीती होती तशी मी पेशंटांच्या डोळ्यांतही क्वचित पाहिली आहे. मग त्यांनी मला ओळखलं. तरी घोंगडं लगेच काढलं नाही.

मी म्हटलं, "नाना, उद्या निघतो. सांगलीला."

ते म्हणाले, "पोरगी बरी हाय न्हवं?"

"बरी आहे."

 त्यांनी घोंगड्याची एक कड उचलली. "बगा," ते म्हणाले. "पर मोजू नगा."

मी पाहिलं. किराइताची फुलं होती. माझी नजर माझं ऐकत नाही, ती मोजू लागली. मी मान फिरवली, पण तोवर झालं होतं. त्यांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी कड पुन्हा खाली सोडली. तो आकडा मला अजून पाठ आहे. तो मी रजिस्टरात लिहिला नाही, पत्नीला सांगितला नाही, आणि इथेही लिहीत नाही.

मी नमस्कार केला आणि उतरू लागलो. वाट जिथे वळते तिथून मागे पाहिलं. नाना घोंगड्यावर तसेच ओणवे होते, वाटेकडे तोंड करून. मी दिसेनासा झाल्याशिवाय ते उठणार नव्हते. मी पाय उचलले आणि भराभर उतरलो, म्हणजे त्यांना लवकर उठता यावं.